वॉरंटी असूनही कंपनी दाद देत नसेल तर: ग्राहक आयोगापर्यंतची वाट

मशीन बंद पडते, दुकानदार ‘कंपनीला फोन करा’ म्हणतो, कंपनीचा माणूस येऊन ‘हे वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून जातो, आणि कस्टमर केअरमधला आवाज दर चार दिवसांनी दिलगिरी व्यक्त करतो. इथपर्यंतचा अनुभव बहुतेकांच्या गाठीशी असतो. त्यापुढे काय करायचे हे ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ जण चडफडत स्वतःच्या खिशातून दुरुस्ती करून घेतात. ज्यांनी आजवर ग्राहक आयोगाची पायरी चढलेली नाही आणि वकील करण्याइतकी रक्कमही ज्यांच्या वादात गुंतलेली नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरणे घरगुती उपकरणांची घेतली असली तरी मोबाइल, दुचाकी, इन्व्हर्टरची बॅटरी किंवा छतावरचा सोलर हीटर यांच्या बाबतीतही वाट हीच असते.

आधी कायद्याचे नाव सांगतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला आणि त्याने १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेतली. पूर्वी ज्याला आपण ‘ग्राहक मंच’ म्हणत होतो त्याला आता ‘जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग’ म्हणतात. लोकांच्या तोंडी अजून ‘मंच’ हाच शब्द आहे. तक्रारीच्या मथळ्यावर मात्र आयोगाचे नवे नाव लिहावे.

वॉरंटीच्या वादात कायद्याचा कीस क्वचितच पाडावा लागतो. वस्तू केव्हा बिघडली, ग्राहकाने केव्हा कळवले, कंपनीने काय कारण सांगून नकार दिला, एवढ्या तीन प्रश्नांभोवती सगळे फिरते आणि या तिन्हींची उत्तरे तारखेसह कागदावर असावी लागतात. कंपनी शक्य तितके फोनवर बोलते. तिला लिहायला लावणे हे ग्राहकाचे पहिले काम. पुढची प्रत्येक पायरी या एका कामाचाच विस्तार आहे.

कार्डावर नेमके काय कबूल केले आहे

वॉरंटी कार्ड आपण खरेदीच्या दिवशी पिशवीत टाकतो आणि बिघाड झाल्यावरच बाहेर काढतो. ते शांतपणे वाचायला बसावे, कारण ‘१० वर्षांची वॉरंटी’ हे जाहिरातीतले मोठे अक्षर कार्डावर बरेच आक्रसलेले असते. फ्रिजचेच पाहा. संपूर्ण उपकरणावर साधारणतः एक वर्ष आणि कंप्रेसरवर त्याहून कितीतरी अधिक, अशी दोन थरांची वॉरंटी असते. पाचव्या वर्षी कंप्रेसर गेला तर कंप्रेसर फुकट मिळतो. पण गॅस भरण्याचे, मजुरीचे, तंत्रज्ञाच्या भेटीचे पैसे द्यावे लागतील असे बारीक अक्षरांत लिहिलेले असू शकते. ते लिहिलेले असेल तर त्या पैशांसाठी भांडण्यात फारसा अर्थ नसतो. ते लिहिलेले नसतानाही कोणी मागत असेल, तर ‘कार्डावरील कोणत्या अटीनुसार ही रक्कम आकारली जात आहे’ हा प्रश्न लेखी विचारावा.

याच कार्डावर अपवादांची यादी असते: पाणी शिरणे, आपटणे, विजेचा दाब कमी-जास्त होणे, उंदराने वायर कुरतडणे, अनधिकृत माणसाकडून दुरुस्ती, व्यावसायिक वापर. कंपनीचा नकार जवळजवळ नेहमी या यादीतल्या एखाद्या ओळीवर बेतलेला असतो. म्हणून आपल्याला जे कारण तोंडी सांगितले गेले ते या यादीत आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.

दुकानातून वेगळे पैसे मोजून घेतलेली ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ हा निराळा करार असतो, आणि तो पुष्कळदा उत्पादकाचा नसून तिसऱ्याच कंपनीचा असतो. अशा वेळी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या बिघाडासाठी उत्पादकाशी महिनाभर भांडत बसणे म्हणजे चुकीचे दार ठोठावणे होय. त्या योजनेचा कागद आणि तिचे पैसे भरल्याचे बिल शोधून ठेवावे.

कार्डच हरवले असेल किंवा दुकानदाराने त्यावर शिक्का मारलेला नसेल, तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. पक्के बिल आणि उपकरणावरचा अनुक्रमांक यांवरून खरेदी सिद्ध करता येते, आणि त्या मॉडेलच्या वॉरंटीच्या अटी बहुधा कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात. बिल मात्र हवेच. आजकाल बिले ज्या चकचकीत कागदावर छापतात त्यावरची अक्षरे वर्षभरात उडून जातात. त्यामुळे बिलाचा फोटो खरेदीच्याच दिवशी काढून स्वतःला ईमेल करून ठेवावा. बिल देण्यास नकार देणे ही कायद्याच्या कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याच कलमात आणखी एक उपयोगी तरतूद आहे: सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, परत घेण्यास किंवा तिचे पैसे परत करण्यास नकार देणे हीदेखील अनुचित व्यापारी प्रथा ठरते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी गल्ल्याच्या मागे कितीही ठळक लावलेली असली, तरी सदोष मालाच्या बाबतीत तिचा आधार दुकानदाराला घेता येत नाही.

तक्रार क्रमांक, जॉबशीट आणि ‘हॅपी कोड’

बिघाड लक्षात आल्याच्याच दिवशी कंपनीकडे तक्रार नोंदवावी. फोनवर नोंदवली असली तरी ‘आज अमुक वाजता तक्रार केली, तक्रार क्रमांक हा, बिघाड असा’ एवढा मजकूर लगेच कंपनीच्या ईमेलवर पाठवावा. ग्राहकांनी संपर्क साधण्यासाठीचा फोन क्रमांक आणि ईमेल वेष्टनावर छापणे बंधनकारक असल्यामुळे तो खोक्यावर सापडतोच. मुदत संपायला आठ दिवस उरलेले असताना तक्रार नोंदवली आणि दुरुस्ती रेंगाळत मुदतीपलीकडे गेली, तर ‘आता वॉरंटी संपली’ असे उत्तर मिळण्याची शक्यता असते. तक्रार मुदतीच्या आत केली होती हे त्या ईमेलवरून दाखवता आले, तर ते उत्तर टिकणे अवघड होते.

यानंतर तंत्रज्ञ येतो आणि जाताना एका कागदावर सही मागतो. त्याला जॉबशीट किंवा सर्व्हिस रिपोर्ट म्हणतात. माझ्या मते वॉरंटीच्या प्रकरणातला हा सर्वांत महत्त्वाचा कागद होय, आणि नेमका तोच आपण न वाचता सही करून परत देतो. मीही दिला आहे. आमचे वॉशिंग मशीन नवव्या महिन्यात बंद पडले तेव्हा आलेल्या मुलाने मागचे पत्र्याचे झाकण उघडले, ‘बोर्ड गेलाय, ऑर्डर टाकतो’ असे सांगितले आणि सही घेतली. आठवड्याने कंपनीने कळवले की जॉबशीटवर ‘उंदराने वायर कुरतडली’ अशी नोंद असल्यामुळे बोर्डाचे पैसे पडतील. सही माझी होती आणि नोंद इंग्रजीत, दोनच शब्दांची, कोपऱ्यात. सुदैवाने झाकण उघडे असताना पत्नीने सहज म्हणून दोन फोटो काढले होते आणि त्यांत वायरींचा जुडगा अगदी अखंड दिसत होता. ते फोटो जोडून लेखी पत्र पाठवल्यावर बारा दिवसांत बोर्ड फुकट बदलून मिळाला. फोटो नसते तर माझ्याच सहीने माझे तोंड बंद केले असते.

तेव्हापासून मी एक पद्धत पाळतो आणि इतरांनाही तीच सुचवतो. तंत्रज्ञ उपकरण उघडेल तेव्हा आतले फोटो काढावेत, अनुक्रमांकाचे लेबल एका फोटोत यावे. जॉबशीटवर बिघाडाचे जे कारण लिहिले असेल ते मोठ्याने वाचून दाखवायला सांगावे. कारण मान्य नसेल तर सहीच्या वर ‘नोंदवलेले कारण मान्य नाही’ असे मराठीतच स्वच्छ लिहून मग सही करावी. प्रत मागून घ्यावी, प्रत देत नसतील तर फोटो काढावा. हल्ली कागदाऐवजी मोबाइलवर एक कोड येतो आणि तंत्रज्ञ तो मागतो. काही कंपन्या त्याला ‘हॅपी कोड’ म्हणतात. हा कोड दिला की कंपनीच्या नोंदीत ‘काम पूर्ण, ग्राहक समाधानी’ अशी नोंद होऊन तक्रार बंद होते. ‘साहेब, कोड द्या, नाहीतर माझी व्हिजिट धरत नाहीत’ असे तो काकुळतीला येऊन सांगतो आणि त्यात बरेच तथ्यही असते. तरीही उपकरण चालू झाल्याशिवाय कोड देऊ नये. दिला गेलाच, तर त्याच दिवशी ‘काम झालेले नाही, तक्रार चुकीने बंद करण्यात आली आहे’ असा ईमेल करावा.

कंपनी टाळाटाळ करत असताना बाहेरच्या मेकॅनिककडून उपकरण उघडून घेण्याचा मोह होतो, विशेषतः फ्रिजसारख्या वस्तूच्या बाबतीत, कारण घरात दूध नासत असते. तसे केल्याने ‘अनधिकृत दुरुस्ती’चा अपवाद आपण कंपनीच्या हातात आयता देतो आणि मूळ दोषाचा पुरावाही नाहीसा करतो. अगदीच निरुपाय असेल तर कंपनीला आधी लेखी कळवावे, चार-पाच दिवसांची मुदत द्यावी, आणि नंतर दुरुस्ती केली तर काढलेला जुना भाग, मेकॅनिकचे पक्के बिल आणि दोष काय होता हे सांगणारी त्याची सही केलेली चिठ्ठी जपून ठेवावी. उपकरण हप्त्यांवर घेतले असेल तर रागाच्या भरात हप्ते मात्र थांबवू नयेत. कर्ज हा वित्तसंस्थेशी केलेला वेगळा करार असतो आणि त्याची थकबाकी आपल्याच नावावर चढते.

लेखी नोटीस

दोन-तीन भेटींनंतरही काम झाले नाही, किंवा स्पष्ट नकार आला, की नोटीस पाठवावी. तक्रार दाखल करण्यापूर्वी नोटीस दिलीच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही आणि ती वकिलामार्फतच गेली पाहिजे असेही नाही. पण नोटिशीमुळे प्रकरण कस्टमर केअरच्या टेबलावरून कंपनीच्या कायदा विभागाकडे जाते, आणि तिथे बसलेल्या माणसाला काही हजारांच्या बोर्डासाठी कोल्हापूरला वकील उभा करणे परवडत नाही हे लगेच उमगते. मजकूर साधा असावा. पुढील नमुना आपल्या तपशिलांप्रमाणे बदलून घ्यावा:

‘मी दिनांक … रोजी आपल्या कंपनीचे … हे उपकरण (अनुक्रमांक …) … या दुकानातून रु. … इतक्या किमतीस खरेदी केले. त्यावर … महिन्यांची वॉरंटी आहे. दिनांक … रोजी त्यात … असा बिघाड झाला व त्याच दिवशी मी तक्रार क्रमांक … नोंदवली. आपले तंत्रज्ञ दिनांक … व … रोजी येऊन गेले. परंतु दोष दूर झालेला नाही. दिनांक … रोजी आपण … या कारणास्तव विनामूल्य दुरुस्तीस नकार दिला. हे कारण मला मान्य नाही, कारण … . ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांच्या आत उपकरण विनामूल्य दुरुस्त करून द्यावे; ते शक्य नसल्यास बदलून द्यावे किंवा संपूर्ण किंमत परत करावी. अन्यथा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये आपल्या खर्चाच्या व परिणामांच्या जबाबदारीवर तक्रार दाखल करण्यात येईल.’

ही नोटीस दुकानदार आणि उत्पादक कंपनी या दोघांनाही, पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवावी आणि ईमेलही करावी. पत्ता सेवा केंद्राचा न घालता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचा घालावा. तो बिलावर, खोक्यावर किंवा केंद्र सरकारच्या कंपनी कामकाज मंत्रालयाच्या संकेतस्थळावर सापडतो. पोस्टाची पावती आणि नोटीस पोहोचल्याची ऑनलाइन नोंद छापून नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवावी. शिव्याशाप, ‘तुमची सगळीकडे बदनामी करीन’ अशा धमक्या आणि लाखोंच्या भरपाईचे आकडे यांनी नोटिशीचे वजन वाढत नाही. पुढे तोच कागद आयोगाच्या सदस्यांसमोर जायचा असतो.

१९१५

नोटिशीची मुदत चालू असतानाच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवून ठेवावी. तिथे मराठीत बोलता येते आणि संकेतस्थळावरून किंवा ॲपवरूनही तक्रार करता येते. हेल्पलाइन तक्रार थेट कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागवते. अनेक मोठ्या कंपन्या या व्यवस्थेत सहभागी असल्यामुळे किरकोळ वाद पुष्कळदा इथेच मिटतात. मात्र हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. कंपनीने ‘आमच्या धोरणानुसार नकार’ असे उत्तर दिले की तिथला रस्ता संपतो. ते लेखी उत्तर मात्र आपल्या उपयोगाचे असते, कारण इतके दिवस फोनवर घोळवलेले नकाराचे कारण आता कागदावर आलेले असते. वस्तू ऑनलाइन घेतली असेल तर विक्री संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यालाही लिहावे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात ती निकाली काढायची असते.

आयोगाकडे जाण्यापूर्वी तपासायच्या गोष्टी

आपण कायद्याच्या दृष्टीने ‘ग्राहक’ आहोत का, हे आधी पाहावे. नफ्याच्या धंद्यासाठी, म्हणजे व्यावसायिक प्रयोजनासाठी, घेतलेल्या वस्तूबद्दल या कायद्याखाली तक्रार करता येत नाही. पण स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा अपवाद लागू होत नाही. घरघंटी घेऊन शेजारपाजारची दळणे दळून घर चालवणारी बाई ग्राहकच राहते. मात्र तिच्या घरघंटीच्या कार्डावर ‘केवळ घरगुती वापरासाठी’ अशी अट असेल तर कंपनी ती पुढे करील, हेही तिने धरून चालावे. बिल दुसऱ्याच्या नावावर असले तरी फारसे बिघडत नाही. मुलाने पुण्याहून किंवा परदेशातून पैसे भरून साताऱ्याच्या आईवडिलांकडे फ्रिज पाठवला असेल, तर खरेदी करणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारे म्हणून आईवडीलही कायद्याने ग्राहक ठरतात.

तक्रार कुठे करायची हा प्रश्न २०१९ च्या कायद्याने फार सोपा केला. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-व्यवसाय करतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय गुरुग्रामला असले तरी लातूरच्या ग्राहकाने लातूरला, मडगावच्या ग्राहकाने दक्षिण गोव्याच्या आयोगाकडे आणि इंदुरात स्थायिक झालेल्या मराठी माणसाने इंदूरलाच तक्रार करावी. वस्तूसाठी मोजलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असेल तर राष्ट्रीय आयोगाकडे जाते. इथे धरायची ती मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीसाठी शुल्क नाही. ५ ते १० लाखांसाठी ते २०० रुपये आहे. घरातले जवळपास प्रत्येक उपकरण अशा रीतीने बिनशुल्क गटात येते.

मुदत हा यातला सर्वांत निसरडा भाग आहे. कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ही दोन वर्षे आपोआप लांबत नाहीत. पहिला स्पष्ट नकार आला ती तारीख, आणि सावधपणे वागायचे तर बिघाड पहिल्यांदा लक्षात आला ती तारीख, आरंभ म्हणून धरावी. उशीर झालाच तर विलंब माफीचा अर्ज करून सबळ कारण दाखवता येते. पण तो मान्य करणे न करणे आयोगाच्या हाती असते.

तक्रार लिहिणे आणि दाखल करणे

तक्रारीत आपण ‘तक्रारदार’ असतो आणि समोरची बाजू ‘सामनेवाले’. काही जिल्ह्यांत ‘विरुद्ध पक्ष’ किंवा ‘जाबदेणार’ असेही लिहितात. सामनेवाल्यांत दुकानदार आणि उत्पादक दोघांनाही घ्यावे. एक्स्टेंडेड वॉरंटी दिलेली कंपनी निराळी असेल तर तीही हवी. एकालाच पक्षकार केले की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो आणि दुसरा समोर नसतोच.

मजकूर क्रमांक घातलेल्या छोट्या परिच्छेदांत, तारखांच्या क्रमाने लिहावा आणि प्रत्येक विधानासमोर त्याचा कागद कितव्या पानावर आहे ते नमूद करावे. कंपनीने वॉरंटीप्रमाणे सेवा दिली नाही ही ‘सेवेतील त्रुटी’ आहे, वस्तूत ‘दोष’ आहे, आणि खोटे कारण देऊन नकार दिला असेल तर ती ‘अनुचित व्यापारी प्रथा’ आहे, हे तीन शब्द कायद्यातले असल्यामुळे ते जसेच्या तसे वापरावेत. सोबत बिल, वॉरंटी कार्ड, ईमेल, जॉबशीट, फोटो, नोटीस, पोस्टाची नोंद, हेल्पलाइनवरचे उत्तर आणि तक्रारीतील मजकूर खरा असल्याचे शपथपत्र जोडावे. ईमेल आणि मोबाइलवरील संदेशांच्या छापील प्रतींबरोबर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रही (या प्रती कोणत्या उपकरणातून आणि कशा काढल्या हे सांगणारे) द्यावे. आयोगाचे काम दिवाणी न्यायालयाइतके काटेकोर नसले तरी त्यामुळे एक हरकत आधीच मिटते.

मागणी काय करावी याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवखे लोक इथेच घसरतात. कलम ३९ नुसार आयोग दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, किंमत व्याजासह परत करण्याचा, नुकसानभरपाईचा आणि खर्चाचा आदेश देऊ शकतो. या मागण्या पायऱ्यांनी कराव्यात: आधी विनामूल्य दुरुस्ती, ते न झाल्यास बदली वस्तू, तेही न झाल्यास किंमत परत. एक सुटा भाग बदलून काम भागत असेल तर संपूर्ण नवी वस्तू मिळेलच असे नाही. मारुती उद्योगविरुद्धच्या २००६ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचेच बंधन असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश करता येत नाही. संपूर्ण वस्तू किंवा पैसे परत हवे असतील तर तोच दोष पुन्हा पुन्हा उद्भवला किंवा मूळ उत्पादनातच दोष होता, हे दाखवावे लागते. चार जॉबशीटांवर चार वेळा लिहिलेला एकच बिघाड यासाठी फार उपयोगी पडतो. दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण तिचे शुल्क आधी तक्रारदाराला भरावे लागते. मानसिक त्रासाची रक्कम माफक मागावी. बत्तीस हजारांच्या फ्रिजसाठी दहा लाख मागितल्याने हाती काही अधिक पडत नाही; उलट बाकीच्या मागण्यांकडेही संशयाने पाहिले जाते.

तक्रार स्वतः दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून आयोग निवडावा, पक्षकारांचे तपशील भरावेत आणि सगळे कागद क्रमाने, पृष्ठांक घालून चढवावेत. ज्यांना हे जमत नाही त्यांनी जिल्हा आयोगाच्या कार्यालयात प्रत्यक्ष जावे. किती प्रती लागतील ते तिथला कर्मचारी सांगतो. महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांपुढे मराठीत तक्रार चालते आणि कित्येक आदेशही मराठीतच होतात. मदत हवी असल्यास मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्था मार्गदर्शन करतात. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो.

तारखा

तक्रार स्वीकारायची की नाही हे आयोगाने सर्वसाधारणपणे २१ दिवसांत ठरवायचे असते. ती दाखल करून घेतल्यावर सामनेवाल्यांना नोटीस निघते आणि त्यांनी ३० दिवसांत, फार तर आणखी १५ दिवस मिळून ४५ दिवसांत, लेखी म्हणणे द्यावे लागते. ही ४५ दिवसांची मर्यादा आयोगाला वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे नोटीस कोणत्या दिवशी पोहोचली याचा पुरावा जवळ ठेवावा आणि ४६ व्या दिवशी म्हणणे आले तर हरकत घ्यावी.

तक्रार तीन महिन्यांत, आणि तपासणी लागणार असेल तर पाच महिन्यांत, निकाली निघावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याहून पुष्कळ वेळ लागतो आणि याची मनाची तयारी आधीच केलेली बरी. काम मुख्यतः शपथपत्रे आणि कागदपत्रांवर चालते, त्यामुळे उलटतपासणीची धास्ती बाळगू नये. प्रत्येक तारखेला मात्र हजर राहावे किंवा आधी अर्ज द्यावा. दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची विनंतीही करता येते. तक्रारदारच गैरहजर राहत गेला तर तक्रार फेटाळली जाऊ शकते. त्या दिवशी काय झाले हे ‘रोजनाम्या’त लिहिले जाते, तो ऑनलाइन पाहावा.

मध्येच केव्हातरी कंपनीचा वकील बाहेरच्या बाकावर शेजारी येऊन बसतो आणि ‘मिटवून टाकू या का?’ असे विचारतो. यात कमीपणा काहीच नाही. कायद्यातही मध्यस्थीची स्वतंत्र तरतूद आहे. पण तडजोड तोंडी करू नये. रक्कम किती, कोणत्या तारखेपर्यंत, उपकरण कोण उचलून नेणार आणि वाहतुकीचा खर्च कोणाचा, हे लिहून, दोघांच्या सह्यांनिशी आयोगापुढे दाखल करून मगच तक्रार निकाली काढू द्यावी. मध्यस्थीतून झालेल्या तडजोडीच्या आदेशावर पुढे अपील करता येत नाही, म्हणून सहीपूर्वी तो मजकूर दोनदा वाचावा.

आदेश हाती आल्यावर

निकाल विरुद्ध गेला तर ४५ दिवसांच्या आत राज्य आयोगाकडे अपील करता येते. महाराष्ट्राचा राज्य आयोग मुंबईत आहे आणि त्याचे खंडपीठ नागपूरलाही बसते. कंपनीला अपील करायचे असेल तर तिला जिल्हा आयोगाने ठरवलेल्या रकमेपैकी ५० टक्के आधी जमा करावे लागतात, आणि छोट्या रकमांच्या प्रकरणांत यामुळे पुष्कळ अपिले होतच नाहीत.

निकाल आपल्या बाजूने लागला तर आदेशात दिलेली मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि आदेशाची प्रत जोडून, आपला बँक खाते क्रमांक देऊन, कंपनीला एक पत्र पाठवावे. पुष्कळदा पैसे तेवढ्यावरच जमा होतात. मुदत उलटूनही काही झाले नाही तर आयोगाकडेच अंमलबजावणीसाठी अर्ज करावा. त्याला तिथे ‘दरखास्त’ म्हणतात. कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली मागता येते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्यास एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ७२ ची नोटीस कंपनीच्या जबाबदार अधिकाऱ्यांच्या नावे काढण्याची विनंती दरखास्तीत करावी. पैसे किंवा नवी वस्तू प्रत्यक्ष हाती आल्याशिवाय ‘आदेशाची पूर्तता झाली’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नये, आणि तो हॅपी कोडही तोवर देऊ नये.